मच्छिंद्रचा बिनआवाजाचा कॉम्प्युटर

तळेगाव ढमढेऱ्याच्या मच्छिंद्रनं एक दिवस जेवता जेवता जाहीर केलं, की आपण हॉलमध्ये कॉम्प्युटर बसवणार. साधासुधा नव्हे. टीव्हीला जोडायचा, सोफ्यावर बसून रिमोटनं चालवायचा, सिनेमे, कीर्तनं, कुस्त्या सगळं त्यावर बघायचं. आणि मुख्य म्हणजे आवाज अजिबात नाही. चालू आहे का बंद, हात लावल्याशिवाय कळायचं नाही. वर हे सगळं घरच्या घरी आणि स्वस्तात.

त्याची बायको सविता भाकरी थापत होती, तिनं मानसुद्धा वर केली नाही. बाहेर कुत्रं केव्हाचं भुंकत होतं, दाराशी दूधवाला हाका मारून मारून कंटाळला होता, आणि हे दोन्ही ज्याच्या गावीही नव्हतं त्या माणसाला घरात शांतता हवी होती. आता बोला.

मच्छिंद्रला ऐकू येत नव्हतं. हे गल्लीतल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं, पण घरात आजवर कोणी तसं बोललेलं नव्हतं. घरात त्याला ‘लक्ष नसणं’ म्हणत. आप्पांचं लक्ष नव्हतं, आप्पा विचारात होते, आप्पा शिफ्ट करून दमलेत. घरातल्या कर्त्या माणसाला बहिरा म्हणायचं म्हणजे काय, जीभ झडायची एखाद्याची. पुण्यात नोकरीला असलेला मुलगा विश्वजीत एवढा शिकलासवरलेला, पण तोही फोनवर एकच गोष्ट चारदा सांगून शेवटी “राहू द्या आप्पा, आईकडं द्या” म्हणायचा आणि कानाचं नाव काढायचा नाही.

आता कान गेले कसे, तर मर्दानगीपायी. मच्छिंद्र सणसवाडीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होता. पत्र्याचे भाग ठोकून काढायची ती भली थोरली मशीन, एक दणका बसला की पायाखालची फरशी हलते, आणि असे दणके पाळीभर. कंपनीनं कानात घालायला पिवळे बोळे दिले होते. एका नव्या साहेबानं त्यावर अर्धा तास भाषणही झोडलं. पण ही सगळी शेतकऱ्यांची पोरं. बोळे हातात घेऊन मारुतराव म्हणाला, “आपण काय बाळंतीण हाय का?” आणि अख्खी पाळी हसली. त्या एका हसण्यावर या लोकांनी उभी नोकरी काढली. मच्छिंद्रच्या वाटचे बोळे मोरीतल्या नळाची गळती थांबवायला गेले, आणि ते काम त्यांनी चोख केलं.

सविता यवतची. लग्न होऊन आली तेव्हा हा माणूस चांगला बोलका होता. भिंतीपलीकडं सासू झोपलेली असायची, त्यामुळं दोघं हळू बोलायची, आणि हळू बोलण्यातच काय ती मजा असायची. मग वर्षं गेली तसा तिचा आवाज चढत गेला. आधी दोनदा सांगावं लागायचं, मग मोठ्यानं, मग ओरडून. आता तर तिला नवऱ्याला मीठ पाहिजे का विचारायचं असलं तरी छातीत हवा भरून घ्यावी लागायची.

बरं, घरात दोघंच असती तर गोष्ट वेगळी. पण हॉलमधल्या दिवाणावर सासूबाई झुंबरबाई बसलेल्या. सत्तरी कधीच मागं टाकली, गुडघे गेले, दात गेले, पण कान असे की गोठ्यात कुठली म्हैस रवंथ करते हे बसल्या जागी सांगायच्या. लेकाचे कान गेले ते आईला जाऊन मिळाले की काय, कोण जाणे. आणि भिंतीला भिंत लागून गेणबाचं घर. त्याच्या ओट्यावर सकाळपासून चार माणसं बसलेली, त्यांना दुसरा उद्योग नाही.

त्यामुळं सवितानं नवऱ्याला काही सांगितलं, की ते गल्लीला सांगितल्यासारखं व्हायचं. तिच्या भावाभावांत वाटण्यांवरून जुंपली, गल्लीला कळलं. विश्वजीतला एका मुलीकडून नकार आला, गल्लीला कळलं. एकदा तिनं मेडिकलातून बायकांची एक वस्तू आणायला सांगितली. मच्छिंद्रला तिसऱ्यांदा कळलं, गेणबाला पहिल्यांदाच. दुपारी तो दारात येऊन अगदी आपुलकीनं विचारतो, “वहिनी, मी चाललोय मेडिकलात, तुमचं ते घिऊन यिऊ का?” त्या दिवसापासून सवितानं नवऱ्याशी गॅस, दूध आणि लाईट बिल सोडून दुसरं काही बोलायचं सोडून दिलं.

आणि नेमकं आता तिला बोलायचं होतं. शिरूरच्या एका डॉक्टरनं तिला तपासून सांगितलं होतं, की पिशवी काढून टाका. बसा म्हणायच्या आधी काढा म्हणाला. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या काढून झाल्या होत्या, त्यामुळं त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. सविताला मात्र वाटत होतं. दौंडला तिची बहीण नीलम होती, ती म्हणाली, “अगं, इथं एक डॉक्टरीणबाई हाय, उगीच कापाकापी करत न्हाई. आधी तिला दाखवू. पण दाजींना घिऊन ये, एकटी येऊ नको.” दाजींना घेऊन ये म्हणणं सोपं होतं. दाजींना आधी सांगायचं कसं?

म्हणजे पिशवीचं ओरडून सांगता आलं असतं एकवेळ. संध्याकाळपर्यंत चार बायका चौकशीला आल्या असत्या, झुंबरबाई म्हणाल्या असत्या, “काढून टाक की, तिला काय आता चाटायचीय?” तेही तिनं सोसलं असतं. पण सविताला भीती वाटत होती. तिला नवऱ्याला तेवढंच सांगायचं होतं, की मला लई भीती वाटते, तुम्ही माझ्यासंगं चला. आणि ते ओरडून सांगता येत नाही. ओरडलं की ते भांडण वाटतं.

फोनवर लिहून पाठवावं, तर मच्छिंद्रचा चष्मा कायम घरी आणि फोन कायम त्याच्या पाळीतल्या सोपानरावच्या हातात. कुणाचाही मेसेज आला की हा सोपानराव तो भर कँटीनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचा. कागदावर लिहून द्यावं, तर तो कागदही खिशातून तिथंच पोचला असता. तिनं दोनदा जेवताना हळू आवाजात विषय काढून पाहिला. मच्छिंद्रनं तोंडातला घास चावत तिच्याकडं प्रेमानं बघितलं आणि म्हणाला, “हां हां, बघू.” हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. दूध नासलं, हां हां बघू. मामा वारले, हां हां बघू. आपण काय ऐकलं नाही हे कळू न देण्यात हा गडी इतका तयार झाला होता, की त्याला नाटकात घ्यायला पाहिजे होतं.

तर अशा घरात कॉम्प्युटर यायचा होता, आणि तो बिनआवाजाचा. ही शांततेची हौस त्याला लागली ती मॅनेजर साहेबाच्या पुण्याच्या फ्लॅटवर. दिवाळीला मिठाई द्यायला गेला होता. तिथं भिंतीएवढा टीव्ही आणि त्याखाली डब्याएवढा कॉम्प्युटर. साहेब म्हणाला, “बघ मच्छिंद्र, पत्ता लागतो का चालू आहे ते?” मच्छिंद्रला पत्ता लागला नाही. त्याला लिफ्टचाही लागला नव्हता, पण ते असू द्या. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, “सविता, मोठ्या लोकांच्या घरात आवाजच नसतो बघ.” हे त्यानं अशा आवाजात सांगितलं की गेणबाच्या ओट्यावरून कुणीतरी “खरंय” म्हणालं.

कोरेगाव भीमाच्या भंगारवाल्याकडून त्यानं एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला. कुठल्यातरी ऑफिसनं वजनावर विकलेला. मग पुढचा महिनाभर घरात मोबाईलवरचे व्हिडिओ सुरू झाले. शांत कॉम्प्युटर कसा बनवायचा याचे व्हिडिओ, आणि ते मोबाईलचा आवाज शेवटपर्यंत चढवून. “दोस्तों, बिलकुल सायलेंट, एकदम सायलेंट,” असं एक पोरगं सकाळी सहापासून अख्ख्या गल्लीच्या कानीकपाळी ओरडत होतं. झुंबरबाईंनी त्या पोराला इतक्या शिव्या दिल्या, की बिचाऱ्याला तिकडं उचक्या लागल्या असतील.

एक मात्र खरं, हात त्याचा चांगला होता. खटपट्या माणूस. आतली जुनी डिस्क फिरताना किरकिर करते असं त्या पोरानं सांगितलं, म्हणून ती काढून यानं न फिरणारी नवी डिस्क बसवली. खोक्याची पत्र्याची बॉडी थरथरते म्हणून ती फेकली आणि प्लायवूडचं खोकं ठोकलं. खोक्याला आतून अंड्याचे ट्रे चिकटवले, आवाज पिऊन घ्यायला. शोकेसमधली प्लॅस्टिकची फुलं आणि विश्वजीतची शाळेतली ढाल बाहेर काढून ते खोकं तिथं बसवलं. फुकटात मिळणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्यात रिमोटनं सिनेमे निवडता यायचे. इथवर सगळं झकास होतं. मग पंख्याची वेळ आली.

आतलं गरम होतं, तर पंखा पाहिजे. व्हिडिओतलं पोरगं सांगत होतं, की मोठा पंखा घ्या आणि हळू फिरवा. मच्छिंद्रनं त्यातलं मोठा एवढंच घेतलं. कारखान्याच्या भंगारात मशीनच्या कंट्रोल पॅनेलचा एक जुना पंखा पडला होता, लोखंडी पात्यांचा. दणकट. तो विचारून घरी आणला, बेअरिंगला तेल दिलं आणि खोक्याला मागून बसवून थेट घरच्या लाईनवर जोडला. हळूबिळू फिरायची भानगडच नाही.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा गोठ्यात म्हशीनं दाव्याला हिसका दिला. फरशी कापायचं कटर दिवाणखान्यात चालवावं तसा एक बारीक, चिरका, दात शिवशिवणारा आवाज निघाला आणि थांबेचना. नेमका असला बारीक आवाजच प्रेस शॉपवाल्यांच्या कानातून सगळ्यात आधी गेलेला असतो. मच्छिंद्रनं खोक्याला कान लावला. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू पहिलं पोर झालंय.

“सविता, ऐक. हाय का कसला आवाज?”

सवितानं त्याच्याकडं बघितलं. महिनाभर शिफ्ट करून आल्यावर हा माणूस खाली मान घालून स्क्रू आवळत बसला होता. खरं सांगायला पाहिजे होतं. नवरा बहिरा झालाय हे त्याला तोंडावर सांगायची एवढी चांगली वेळ परत यायची नव्हती. ती म्हणाली, “न्हाई.” आणि वर मानेनं नाही म्हणून दाखवलं, कारण तेही त्याला ऐकू जायचं नव्हतं.

“किती वाटशील गं बाई, मिक्सर बंद कर की,” झुंबरबाई दिवाणावरून म्हणाल्या.

“करते आत्या,” सविता म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन ती नुसतीच उभी राहिली. तिला नवऱ्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. सगळ्या घरानं मिळून त्याला खोटं सांगून सांगून या थराला आणलं होतं, आणि त्यात ती सगळ्यात पुढं होती.

रविवारी विश्वजीत आला. दारातच थबकला. आईकडं बघितलं, आईनं डोळ्यांनीच गप्प म्हणून सांगितलं. पण पोरगं शहरात राहून जरा धीट झालं होतं. म्हणालं, “आप्पा, टीव्हीला बोटाएवढी एक स्टिक लावली की झालं असतं, कशाला एवढा कुटाणा?”

“हां हां, बघू,” मच्छिंद्र म्हणाला.

मग विश्वजीतनं बापाच्या मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप टाकून दिलं. म्हणजे तोंडानं काही बोलायला नको, सुईच बोलेल. तोही शेवटी याच घरातला. फोन खोक्यापाशी धरला तशी सुई उठली ती लाल पट्ट्यात जाऊन थरथरत उभी राहिली. मच्छिंद्रनं फोन हलवून बघितला, पुसला, बंद करून चालू केला. सुई हटायला तयार नाही. “चायनाचा माल,” म्हणून त्यानं फोन सोफ्यावर पालथा टाकला. विश्वजीत हसत हात धुवायला गेला. सविता तिथंच होती. फोन पालथा टाकल्यावर मच्छिंद्र बराच वेळ त्या पंख्याच्या पात्यांकडं बघत राहिला होता. ती फिरत होती, आणि फिरतंय त्याला आवाज असणार, हे मशीनवर जन्म काढलेल्या माणसाला कळत नाही असं थोडंच आहे. त्या वेळी तिला त्याची फार कीव आली.

कीव संध्याकाळपर्यंत टिकली नाही, कारण संध्याकाळी त्यानं उद्घाटन ठेवलं. आता शांतता तपासायला माणूस कुणाला बोलवेल? यानं बोलावलं सोपानराव आणि मारुतरावला. दोघं त्याच प्रेस शॉपचे, त्याच पाळीचे, तीच छाती. यवतच्या एका बंद पडलेल्या डीजेवाल्याकडून मच्छिंद्रनं आदल्याच आठवड्यात दोन कपाटाएवढे स्पीकर आणले होते, तेही आता टीव्हीच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले होते. बिनआवाजाच्या कॉम्प्युटरला वरातीचे स्पीकर. नारळ फोडला, खोक्याला हळदकुंकू लावलं, बटण दाबलं. पंख्यानं किंकाळी फोडली. सोपानरावनं डोळे मिटून कानोसा घेतला. मारुतरावनं खोक्याला हात लावून बघितला.

“चालू केला का?” मारुतरावनं विचारलं.

“कवाचा,” मच्छिंद्र म्हणाला.

“आयला, कमाल हाय मच्छिंद्रराव,” सोपानराव म्हणाला. “मुंगी चालली तर ऐकू यील.”

तिघांनी मिळून एकमतानं ठराव पास केला. भिंतीपलीकडून गेणबानं “काय फरशी बसवताय का रं?” म्हणून हाक घातली, ती या तिघांतल्या कुणालाच ऐकू गेली नाही.

मग सिनेमा लागला, आणि स्पीकरचा आवाज वाढत वाढत गेला. भांडी थरथरायला लागली. झुंबरबाईंनी पानाचा बटवा उचलला, दोन अस्सल शिव्या दिल्या आणि काठी टेकत मागं गोठ्यात जाऊन बसल्या. गेली कित्येक वर्षं दिवाळी सोडली तर त्या दिवाणावरून उठल्या नव्हत्या. सविता चहा घेऊन हॉलमध्ये आली आणि ट्रे हातात तसाच धरून थांबली.

सोपानरावनं मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवला होता, दुसऱ्या पंजाचा आडोसा केला होता आणि त्याच्या कानाला तोंड लावून काहीतरी सांगत होता. आणि मच्छिंद्र ऐकत होता. “आँ” नाही, “हां हां बघू” नाही. मान हलवत होता, मध्येच हसला, मग तसाच सोपानरावच्या कानाला तोंड लावून त्यानं उत्तर दिलं. सोपानरावनं मारुतरावच्या कानात घातलं, मारुतराव मांडीवर थाप मारून हसला. प्रेस चालू असताना हे लोक असंच बोलायचे. उभी नोकरी दणक्यांच्या मध्येच गेलेली, त्यामुळं गप्पा, चेष्टा, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाचं आजारपण, सगळं त्यांचं या पद्धतीनं चालायचं. त्या गोंगाटात ते एकमेकांना काय सांगतात हे दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या सविताला कळत नव्हतं.

तिला सोपानरावचा हेवा वाटला. अहो, मिशा पांढऱ्या झालेल्या, तंबाखूनं दात किडलेल्या सोपानरावचा. आपण घसा फोडून मरायचं, आणि या बाप्यानं खांद्यावर हात टाकून आपल्या नवऱ्याला पाहिजे ते सांगायचं. मनातून ती इतकी पेटली, की चहात साखर घालायची राहिलीय हे कळूनही तिनं तो तसाच तिघांपुढं आदळला. तिघांनीही गोड मानून प्यायला.

पुढचा सगळा आठवडा ती विचार करत होती. म्हणजे विचार एका मिनिटात झाला होता, धीर गोळा करायला आठवडा लागला. खांद्यावर हात टाकायचा, कानाला तोंड लावायचं, तेही भरदिवसा, उघड्या दाराच्या हॉलमध्ये. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली तरी तिनं नवऱ्याला चार माणसांत बोट लावलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाली आणि ती स्वतःच म्हणाली, “लावा की सिनेमा. मारामारीचा लावा.” ओरडूनच म्हणाली. यात लपवायचं काही नव्हतं. मच्छिंद्र इतका खूश झाला, की त्याला रिमोट सापडेना. बायकोनं त्याच्या मशीनचं नाव काढायची ही पहिलीच वेळ.

सिनेमा लागला. सवितानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. मच्छिंद्रनं वळून बघितलं, तिनं आणखी वाढवला. झुंबरबाई म्हणाल्या, “आता ही पण बिघडली,” आणि बटवा घेऊन गोठ्याकडं निघाल्या. त्या मागच्या दारातून बाहेर पडेपर्यंत सविता थांबली. मग सोफ्यावर नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, पंजाचा आडोसा केला आणि त्याच्या कानाला तोंड लावलं.

तो दचकला. पण खांद्यावर हात पडला की कान द्यायचा, ही सवय अंगात मुरलेली. तो तसाच स्थिर बसला.

सवितानं सगळं सांगितलं. शिरूरचा डॉक्टर काय म्हणाला, किती महिने त्रास होतोय, पिशवी काढायची म्हणतात, दौंडला नीलम काय म्हणते. पडद्यावर पंधरा-वीस माणसं एकमेकांना आपटत होती, काचा फुटत होत्या, आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडत असूनही तिचं तिलाच वाटत होतं की आपण हळू बोलतोय. शेवटी म्हणाली, “मला लई भ्या वाटतंय. तुम्ही चला माझ्यासंगं.”

मच्छिंद्रनं रिमोट घेतला आणि सिनेमा थांबवला.

एकदम सगळं थांबलं. राहिला तो पंखा, खोक्यात किंचाळत असलेला. मागून गोठ्यातून झुंबरबाईंनी विचारलं, “बंद पडलं का गं ते मढं?” मच्छिंद्र सविताकडं बघत होता. चेहरा पार उतरला होता.

“कवापास्नं तरास हाय तुला?” त्यानं विचारलं. त्याच्या मतानं त्यानं हळूच विचारलं होतं. त्याच्या मतानं तो नेहमीच हळू बोलायचा. पण आवाज ओटा ओलांडून पलीकडं गेला, गेणबाकडच्या गप्पा चटकन थांबल्या.

“तीन महिनं झालं,” सविता साध्या आवाजात म्हणाली.

“आँ?” आणि लगेच, त्याहून मोठ्यानं, “शिरूरच्या डॉक्टरनं काय काढ म्हणून—”

सवितानं त्याच्या तोंडावर हात दाबला. दुसऱ्या हातानं भिंतीकडं बोट केलं, मग मागच्या दाराकडं. तिचे डोळे भरून आले होते. एवढं सगळं करून शेवटी पुन्हा तेच. मच्छिंद्रनं भिंतीकडं बघितलं. मागच्या दाराकडं बघितलं. बायकोनं आपल्याला आजवर काय काय सांगितलं नसेल आणि का सांगितलं नसेल, ते त्याला तेव्हा कळलं असावं. त्यानं तिचा हात हळूच बाजूला केला, रिमोट उचलला, सिनेमा परत लावला आणि आवाज शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला. शोकेसच्या काचा वाजायला लागल्या. मग तो तिच्या कानाला तोंड लावून म्हणाला, “मला ऐकू यीत न्हाई, सविता. लई वर्षं झाली. तुम्ही कुणी म्हणत न्हाई, मंग मीबी म्हणत न्हाई.”

तिनं मान हलवली.

“दौंडला जाऊ. मी येतो. तिथंच कानाचंबी दाखवू,” तो म्हणाला. “आता सांग समदं. पयल्यापास्नं सांग.”

आणि त्यानं कान पुढं केला. ती सांगायला लागली. पिशवीचं सांगितलं, मग त्याआधीचं, मग त्याच्याही आधीचं. भाऊ तिला काय बोलला होता ते, विश्वजीतला त्या मुलीनं नाही म्हटल्यावर पोरगं तिच्या मांडीवर डोकं ठेवून कसं रडलं होतं ते. मच्छिंद्र मध्ये मध्ये तिच्या कानाशी येऊन विचारायचा, पुन्हा आपला कान द्यायचा. टीव्हीकडं दोघांची पाठ झाली होती.

काही वेळानं गेणबा दारात येऊन उभा राहिला. दोन्ही हात कानांवर, तोंड वेडंवाकडं, काहीतरी ओरडत होता, बहुतेक आवाज कमी करा म्हणत असावा. हॉलमध्ये बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. मच्छिंद्रला तो दिसला नाही. सविताला दिसला. एरवी ती पदर सावरत उठून उभी राहिली असती. तिनं बसल्या बसल्या त्याला हातानं जा म्हणून सांगितलं आणि नवऱ्याच्या कानाशी परत तोंड नेलं. दौंडच्या डॉक्टरीणबाई कुठल्या वारी बसतात ते सांगायचं अजून राहिलं होतं.